भूल देणाऱ्यांची जाग

वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. ती किती पाळली जाते हा वेगळ्या लेखाचा विषय. पण प्यायलेल्या माणसाने स्टिअरिंग हातात घेऊ नये, हा नियम बंदी असलेल्या आणि नसलेल्या सगळ्याच जिल्ह्यांना लागू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले की गुन्हा होतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हात-डोळ्यांचा मेळ रक्तात १०० मिलीलिटरमागे ५० मिलीग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका खालावतो. २४ तास जागल्यावर हा आकडा १०० मिलीग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे आपल्या कायद्याची मर्यादा सतराव्या तासाच्या आधीच ओलांडलेली असते.

देशातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात पहाटे चार वाजता इमर्जन्सी ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाच्या डोक्याशी उभा असलेला निवासी डॉक्टर बहुधा आदल्या सकाळपासून जागा असतो. त्याच्या तोंडापुढे यंत्र धरून फुंकर मारायला कोणी सांगत नाही. हा लेख त्याच्याबद्दल आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्याबद्दल नाही, तर रुग्णाला झोपवणाऱ्या आणि स्वतः जागणाऱ्या शिकाऊ भूलतज्ज्ञाबद्दल.

दोन महाविद्यालयांचा जिल्हा

आठ तालुक्यांचा वर्धा जिल्हा लहान, पण इथे दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी उभे केले. ते ज्या कस्तुरबा रुग्णालयाभोवती उभे राहिले, ते स्वातंत्र्याच्या आधीपासूनचे. स्त्रिया आणि मुलांसाठी थोड्या खाटांवर सुरू झालेले. चालवणारी संस्था कस्तुरबा हेल्थ सोसायटी. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, पाव राज्य सरकारचा आणि पाव संस्थेचा. दुसरे महाविद्यालय वर्ध्याजवळच्या सावंगी मेघे इथले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. ते १९९० चे, अभिमत विद्यापीठाखालचे. त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. एक सरकारी अनुदानावरचे न्यासाचे, दुसरे खासगी. शासकीय महाविद्यालय यांपैकी एकही नाही. पुढे प्रतिनिधित्वाचा प्रश्न येईल तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

या दोन्ही ठिकाणी केवळ वर्ध्याचे रुग्ण येत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडून गाड्या येतात. पावसाळ्यात सर्पदंश, फवारणीच्या हंगामात कीटकनाशकाची विषबाधा, महामार्गावरचे अपघात, आणि बारा महिने अडलेली बाळंतपणे. नाग किंवा मण्यार चावलेल्या शेतमजुराचे श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले की घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर घ्यायला जो धावतो, तो भूलशास्त्राचा निवासी डॉक्टरच असतो. लोकांना वाटते भूलतज्ज्ञाचे काम थिएटरपुरते. प्रत्यक्षात अतिदक्षता विभाग, लेबर रूम, एमआरआयमध्ये हलणारे मूल, वॉर्डात अचानक थांबलेले हृदय, या सगळ्यांचा फोन भूलशास्त्राच्या एकाच ड्युटी रूममध्ये वाजतो.

पाठीत घातलेली सुई

हे काम म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहिल्याशिवाय थकव्याचा अर्थ कळत नाही. सिझेरियनची केस घेऊ.

बाळाचे ठोके मंदावलेत, म्हणून गायनॅकची रेसिडेंट घाईत आहे. बाई टेबलाच्या कडेला बसवलेली. मांडीवर उशी, हनुवटी छातीला. "पाठ मांजरीसारखी गोल करा ताई, आणि अजिबात हलू नका," हे वाक्य मराठी मुलखातल्या प्रत्येक थिएटरमध्ये रोज ऐकू येते. कळा चालू असताना पाठ गोल करून स्तब्ध बसणे ही त्या बाईची परीक्षा. डॉक्टरची परीक्षा बोटांत. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची टोके चाचपून त्यांना जोडणारी रेघ मनात ओढायची, तिच्या आधाराने मणक्यांमधली फट शोधायची, आणि २५ गेजची, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या जाडीची सुई आत घालायची. आतला पडदा फुटल्याचा बारीकसा धक्का बोटांना कळला पाहिजे. मग सुईच्या मागच्या टोकाशी पाण्यासारख्या स्वच्छ द्रवाचा थेंब येतो. तो दिसला की दोन मिलीलिटरच्या आसपास जड ब्युपिव्हॅकेन हळूहळू सोडायचे.

त्यानंतरची पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची. बाईला पाठीवर झोपवून डावीकडे किंचित कलते ठेवायचे, नाहीतर गर्भाशयाच्या ओझ्याखाली मोठी शीर दबते. रक्तदाब झपाट्याने खाली येऊ शकतो. त्यासाठी फेनिलेफ्रिन किंवा मेफेन्टरमिन सिरिंजमध्ये तयार. स्पिरिटचा बोळा पोटावर लावून "गार लागतंय का?" असे विचारत बधिरता कुठवर चढली ते पाहायचे. ती फार वर चढली तर श्वास अडतो, पुरती चढली नाही तर बाई शुद्धीत असताना तिला सुरीची वेदना कळते. मॉनिटरचा आवाज, बाईचा चेहरा, सर्जनचा हात, सलाईनची गती, चारही गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष.

बाळ रडले की सगळे हसतात. बाईला सर्जन मॅडमचे नाव आठवते, नर्सचेही आठवते. पाठीत सुई घालून तासभर आपल्या डोक्याशी कोण उभे होते, ते फारशा कोणाला आठवत नाही. तोवर पुढची केस लागलेली असते. हाडांच्या विभागाचा रेसिडेंट आपली केस संपवून कँटीनला जाऊ शकतो, पोटाच्या सर्जरीचाही. भूल देणारा एका विभागाच्या इमर्जन्सीतून दुसऱ्याच्या इमर्जन्सीत जातो, कारण सगळ्यांच्या रांगा त्याच्याच दारात येऊन मिळतात. त्याला स्वतःचा वॉर्ड नाही, स्वतःचे म्हणावेत असे रुग्ण नाहीत. तो थकला तरी बाहेरच्या कोणाला दिसत नाही.

४८ पासून ७४ पर्यंत

याला नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांची योजना जाहीर केली. कनिष्ठ निवासी डॉक्टरने आठवड्याला साधारण ४८ तास काम करावे, सलग बारा तासांहून जास्त नको, आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी, असे तीत स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा जन्मलेली मुले आज एमडी होऊन बाहेर पडली, पण त्यांतल्या फार थोड्यांनी ४८ तासांचा आठवडा पाहिला असेल.

पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे पदव्युत्तर शिक्षणाचे २०२३ चे नियम आले. त्यांत वर्षाला किमान २० दिवसांची पगारी रजा आहे, पाच दिवसांची शैक्षणिक रजा आहे, कामाची निकड सांभाळून साप्ताहिक सुट्टीही आहे. मात्र कामाच्या तासांचा आकडा गेला. त्याच्या जागी 'रास्त' तास आणि 'रास्त' विश्रांती आली. आकडा मोडता येतो आणि मोडला की दाखवताही येतो. रास्तपणा मोडला हे सिद्ध कोण करणार?

२०२४ मध्ये आयोगाच्याच राष्ट्रीय कृती दलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्याच्या ऑनलाइन पाहणीत ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांतल्या सुमारे ३१ टक्क्यांच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊन गेले होते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या जवळपास होते. स्वेच्छेने भरलेल्या अर्जांवरचे आकडे म्हणून थोडी सूट द्या, तरी ते झोप उडवणारे आहेत. कृती दलाने तासांची मर्यादा सुचवली: आठवड्याला ७४. एक २४ तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास, एक दिवस सुट्टी.

बत्तीस वर्षांत शिफारस ४८ वरून ७४ वर गेली. आणि निवासी डॉक्टरांच्या होस्टेलमध्ये या ७४ चे स्वागत झाले असेल तर नवल नाही, कारण वहीत न लिहिलेले तास त्याच्याही पुढचे असतात. ड्युटी सकाळी आठला संपली तरी 'पोस्ट-ड्युटी ऑफ' कागदावरच राहतो. लिस्ट लागलेली असते, पीएसी ओपीडीत उद्याच्या रुग्णांची भूल देण्याआधीची तपासणी असते, थिसिसच्या केसेस हव्या असतात. यावर सुट्टी मागणारा 'काम चुकवणारा' ठरतो, आणि जो मागत नाही त्याच्या पाठीवर थाप पडते.

या शाखेला एक जास्तीचा धोका आहे. झोप आणणारी, वेदना मारणारी तीव्र औषधे रोज याच डॉक्टरांच्या हाताखालून जातात. थकलेला, एकटा पडलेला माणूस आणि असे कपाट यांची गाठ पडू नये म्हणून जगभर भूलतज्ज्ञांच्या संघटना सहकाऱ्यांवर डोळा ठेवायला, बोलते करायला शिकवतात. आपल्याकडे हा विषय अजून कुजबुजीचा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही उपलब्ध आहे. थिएटरच्या चेंजिंग रूममध्ये हा क्रमांक चिकटवायला कोणाची परवानगी लागू नये.

मार्डची दारे आणि त्याबाहेरचे

महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांचा आवाज म्हणजे मार्ड. या संघटनेचे नाव सामान्य माणसाच्या कानावर संपाच्या बातमीतूनच येते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात नातेवाइकांच्या जमावाने एका निवासी डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली; राज्यभर डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले. २ जानेवारी २०२३ चा संप वसतिगृहांची दुरवस्था आणि वरिष्ठ निवासींची १,४३२ पदे यांसाठी होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यावेतनात दहा हजारांची वाढ पदरात पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या भीषण घटनेनंतर पुन्हा कामबंद झाले.

हे लढे खरे होते आणि गरजेचेही. पण यादी नीट पाहा: सुरक्षा, वसतिगृह, विद्यावेतन, पदे. सगळ्या शाखांना समान लागू होणारे प्रश्न. भूलशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला रात्री एकटीने पहिली केस कधी द्यावी, तिच्या मदतीला किती मिनिटांत सिनिअर पोचला पाहिजे, तीन वर्षांत किती मणक्याच्या सुया आणि किती अवघड श्वासनलिका तिच्या हाताखालून गेल्या पाहिजेत, हे प्रश्न संपाच्या निवेदनात मावत नाहीत. शिवाय सरकारशी बोलणी होतात ती प्रामुख्याने शासकीय महाविद्यालयांची. न्यासाच्या किंवा अभिमत विद्यापीठाच्या निवासी डॉक्टरने कोणाचे दार ठोठवायचे? संस्थेचे, राज्याचे की दिल्लीतल्या आयोगाचे? आयोगाच्या ३३ सदस्यांत निवासी डॉक्टरांसाठी राखीव अशी एकही जागा नाही.

दुसरे दार भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेचे. १९४७ मध्ये स्थापन झालेली ही संघटना अधिवेशने भरवते, नियतकालिक चालवते, सभासदांच्या कुटुंबांसाठी सहायता निधीही चालवते. निवासी डॉक्टर तिथे पेपर वाचतो, पोस्टर लावतो, क्विझ जिंकतो. हे सगळे शिक्षणाला पोषक. पण ड्युटीचा तक्ता हा त्या व्यासपीठाचा विषय होत नाही.

मग तक्ता ठरतो कोठे? विभागात, वरच्या वर्षाच्या हातून. तिसऱ्या वर्षाचा दुसऱ्याला सांगतो, दुसऱ्याचा पहिल्याला. ही साखळी चांगल्या हातात असली तर तिच्यासारखी शाळा नाही. अर्धे भूलशास्त्र सिनिअरच्या खांद्यावरून पाहूनच शिकले जाते. वाईट हातात ती काय करू शकते याचा धडा महाराष्ट्राने २०१९ मध्ये पाहिला. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्र शिकणारी, जळगाव जिल्ह्यातून आलेली आदिवासी डॉक्टर पायल तडवी हिने २२ मे रोजी जीवन संपवले. सिनिअर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप असलेले ते प्रकरण न्यायालयात गेले. शाखा वेगळी असली तरी उतरंड तीच. जिथे तक्रार ऐकणारा आणि तक्ता लिहिणारा एकच, तिथे तक्रार होत नाही.

इतरांनी काय केले

न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मार्च १९८४ मध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. तिला पाहणारे निवासी डॉक्टर थकलेले आणि देखरेखीविना होते, हे तिच्या पत्रकार वडिलांनी लावून धरले. १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, आणि २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली.

ब्रिटनमध्ये भूलशास्त्राच्या प्रशिक्षणार्थींचा गट भूलतज्ज्ञांच्या संघटनेत फार वर्षांपासून आहे आणि रॉयल कॉलेजच्या कौन्सिलवरही त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. २०१५ मध्ये भारतीय वंशाचा एक तरुण प्रशिक्षणार्थी भूलतज्ज्ञ लागोपाठच्या रात्रपाळ्या संपवून घरी जाताना गाडीवरचा ताबा सुटून मरण पावला. त्यानंतर त्याच्या सहकाऱ्यांनी श्रद्धांजलीवर न थांबता देशभर पाहणी केली. दोन हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थींनी उत्तरे दिली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले: रात्रपाळीनंतर घरी जाताना अपघात झालेले किंवा थोडक्यात वाचलेले ५७ टक्के. या आकड्याच्या जोरावर विश्रांतीच्या खोल्या, रात्रीची डुलकी, घरी सोडायची गाडी या मागण्यांना वजन आले. आधी मोजले आणि मग मागितले.

इंग्लंडने २०१६ च्या करारात आणखी एक सोय केली. प्रत्येक रुग्णालय संस्थेत कामाच्या तासांवर नजर ठेवणारा एक पालक अधिकारी. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबावे लागले की डॉक्टरने नोंद करायची. मर्यादा मोडली तर विभागाला दंड, आणि त्यातला मोठा वाटा प्रशिक्षणार्थींच्याच सोयींवर खर्च. तिथे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. त्यांचेही संप झाले, तिथलेही डॉक्टर थकतात. पण तास मोजणे हे तिथे कोणाचे तरी नेमून दिलेले काम आहे.

शिकणे कुठे हरवते

थकव्याची किंमत रुग्ण मोजतो तशी शिक्षणही मोजते. भूलशास्त्रात हात आणि डोके एकदम तयार व्हावे लागते. रात्रभराच्या कामानंतर दुपारच्या सेमिनारला बसलेला डॉक्टर शब्द ऐकतो, पण शिकत नाही. २०२१ मध्ये तर वेगळेच संकट आले. कोविडमुळे नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या, म्हणजे शिकायच्या केसेस गेल्या. आणि अतिदक्षता विभाग भरले, म्हणजे काम दुप्पट झाले. त्यात पदव्युत्तर प्रवेशाची नीट-पीजी परीक्षा एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली, आरक्षणाच्या खटल्यात प्रवेशाचे समुपदेशन जानेवारी २०२२ पर्यंत अडले, आणि पहिल्या वर्षाची आख्खी बॅच महिनोन्‌महिने आलीच नाही. तीन बॅचचे काम दोन बॅचनी ओढले.

आता जिल्हा निवासी कार्यक्रमात प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काढावे लागतात. वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, हिंगणघाट आणि आर्वीची उपजिल्हा रुग्णालये अशा ठिकाणी काय मिळते आणि काय मिळत नाही, हे भूलतज्ज्ञाने शिकतानाच पाहिले पाहिजे. उद्या तो तिथेच लागणार. जागतिक भूलतज्ज्ञ महासंघाच्या शिफारशीनुसार लाख लोकांमागे किमान पाच तज्ज्ञ हवेत, आणि आपण त्यापासून बरेच दूर आहोत. भूल देणारा नाही म्हणून कारंजा किंवा आष्टीची अडलेली बाई ॲम्ब्युलन्समध्ये बसून वर्ध्याला येते. पण तीन महिन्यांच्या या नेमणुकीत देखरेख करणारा तज्ज्ञच जागेवर नसेल तर शिक्षणाऐवजी फक्त रिकामे पद भरले जाते.

वर्ध्याला जमण्यासारखे

सेवाग्रामला या प्रश्नाचे उत्तर बाहेरून आणावे लागणार नाही. डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीच्या वर्गणीवर आरोग्य विमा उभा केला. सुगीत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची, आणि त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचार. त्या योजनेचा कणा पैशात नव्हता. गावाने सभेत बसून ठरवल्याशिवाय योजना गावात न्यायची नाही, हा तिचा नियम होता. ज्याच्या जिवाशी संबंध, त्याला निर्णयात जागा. रुग्णासाठी मान्य झालेले हे तत्त्व निवासी डॉक्टरला लागू करायला अडचण काय?

भूलशास्त्राच्या विभागात दर महिन्याला तक्ता ठरतो तेव्हा तिन्ही वर्षांचा एकेक निवडलेला प्रतिनिधी त्या बैठकीला असावा. तिथे निवडलेलाच हवा, कारण नेमलेला प्रतिनिधी नेमणाऱ्याचेच बोलतो. प्रत्येक डॉक्टरच्या ड्युटीत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची खरी वेळ नोंदली जावी, आणि तिची बेरीज दरमहा विभागाबाहेरच्या व्यक्तीने पाहावी. डीन कार्यालयातली एखादी ज्येष्ठ शिक्षिका हे काम करू शकते. पोस्ट-ड्युटी ऑफ रद्द झाला तर का झाला, ते लिहावे लागले पाहिजे. इमर्जन्सी थिएटरजवळ एक खाट, एक दार बंद होणारी खोली आणि रात्री दोनला मिळणारा गरम चहा, यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. आणि पहिल्या सहा महिन्यांत कोणालाही रात्री एकट्याने केस द्यायची नाही, हे विभागाने भिंतीवर लिहून लावावे.

यावर हमखास येणारे उत्तर ठाऊक आहे: आम्हीही असेच शिकलो, मेलो नाही. खरे आहे. पण आज मॉनिटरवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ आहे, हातात अल्ट्रासाउंडचा प्रोब आहे, रुग्ण आधीपेक्षा जास्त म्हातारे आणि जास्त आजारी आहेत. यंत्रे बदलली, औषधे बदलली, फक्त जागरणाची रीत तेवढी जुनी ठेवायची, याला परंपरा म्हणता येणार नाही. रुग्णाला 'उपाशी पोटी या, रात्री बारानंतर पाणीही नको' असे बजावणाऱ्या विभागाने आपल्या डॉक्टरच्या झोपेबद्दल तितकाच काटेकोर एक तरी नियम करावा. तो मोडला की विचारणारा माणूस नेमावा. आणि तो नियम लिहायला बसताना, ज्याला तो पाळायचा आहे त्यालाही टेबलाशी बसवावे.